साडेतीन डोंगर आणि एक जड कपाट

डोंगर आपणहून कधीच जागा सोडत नाही, आणि म्हणूनच त्याची जागा ठरवायला कार्यालय लागतं.

या गावच्या डोंगररांगेत साडेतीन डोंगर आहेत. (अर्ध्याबद्दलचा निर्णय वरच्यांकडे पडून आहे.) रांग गावाच्या पूर्वेला, उत्तर-दक्षिण पसरलेली आहे, पण ती फक्त बाहेर. नकाशा कार्यालयात तीच रांग पूर्व-पश्चिम जाते. कपाटाच्या वर आणि छताच्या खाली जी पट्टी उरली, तिच्यात नकाशा उभा मावेना, म्हणून आडवा टांगला. पाठ्यपुस्तकवाले आले आणि भिंतीवर दिसली तशी रांग उतरवून घेऊन गेले. कपाट हलवावं असंही एकदा ठरलं होतं. पण कपाट फार जड. त्यामानाने डोंगर हलके निघाले.

गावातल्या एका घरच्या धाकटीने नववीच्या भूगोलाच्या पेपरात ‘उत्तर-दक्षिण’ लिहिलं आणि एका गुणाने आपटली. मैत्रिणी दहावीत, आणि ही पुन्हा त्याच बाकावर, तेही मागून येणाऱ्या चुलतभावाशेजारी, जो तासाला उघड्या तोंडाने घोरतो. तिने सरळ कार्यालयात तक्रार ठोकली.

कार्यालय भलतंच तत्पर. साहेब स्वतः नकाशा काखोटीला मारून तिच्या घरी, थेट स्वयंपाकघरात हजर. खिडकीबाहेर साडेतीनही डोंगर उपस्थित होते. साहेबांनी नकाशा भिंतीवर असतो तस्साच आडवा धरला.

“डोंगर वरच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला. तुमची ही खिडकी उत्तरेची आहे, वहिनी.”

“अहो, सकाळचं ऊन याच खिडकीतून ओट्यावर येतं,” आई म्हणाली.

“ऊन आमच्या खात्यात येत नाही.”

“पण साहेब, सूर्य तर...” धाकटी म्हणाली.

“बाळ, तुला दहावीत जायचंय, की सूर्याची बाजू घ्यायचीय?”

धाकटीने सूर्याकडे पाहिलं. मग तिला चुलतभावाचं उघडं तोंड आठवलं. सूर्य हरला.

फेरपरीक्षेत प्रश्न आला, रांग कशी पसरली आहे? “पूर्व-पश्चिम.” पुढचा प्रश्न, सूर्य कुठे उगवतो? धाकटी आता पुरती तयार झाली होती. “उत्तरेला.” पैकीच्या पैकी गुण, वर टापटिपीचा अर्धा.

हसताय? हसा. पण आत्ता जिथे बसला आहात, तिथून पटकन उत्तर दिशेला बोट करा बरं.

छताकडे गेलं ना?

बसा. पास.