दिगंबररावांची निर्लेखन समिती

आमचे शेजारी दिगंबरराव घरच्या लाटण्यावरही नंबर टाकतात. सरकारी भांडारात तीस वर्षं टेबल-खुर्च्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर काढले, आणि निवृत्त होताना ब्रश घरी घेऊन आले. बादली, स्कूटी, देव्हाऱ्याची मागची बाजू, सगळ्यांची नोंद झाली. "नंबर असलेली वस्तू कोनाच्या बापाले फेकता येत नाही," म्हणतात. "बाद कराले निर्लेखन समिती लागते. तीन सह्या." त्या तीन सह्या मिळेपर्यंत वस्तूला वाळवी लागते, हे मात्र सांगत नाहीत.

त्यांची एकुलती मुलगी मुक्ता मुंबईत शिल्पकला शिकते. तिचं पहिलं प्रदर्शन यवतमाळात भरलं, तेव्हा ते मला ओढतच घेऊन गेले. हॉलमध्ये पाच गंजके कूलर उभे. प्रत्येकात एकेक जुनी साडी लटकवलेली, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या तिच्या आईची. नाव 'उन्हाळा'. झब्बेवाली मंडळी हनुवटीला हात लावून माना डोलवत होती. कळलं कोणाला काही असेल तर शपथ.

दिगंबरराव वाकले, पत्रा ठोकून पाहिला. "मोटर नाही, वाळ्याच्या ताट्या नाही, पत्रा सडून राह्यला. लोहारा गावचा भंगारवालाही घेनार नाही हे."

मुक्ता शेजारीच उभी होती. साड्यांकडे या माणसानं ढुंकूनही पाहिलं नाही. मला सणकून राग आला. बाप इतका कोरडा असू नये.

शेवटच्या दिवशी हॉलवाल्यानं सांगितलं, उद्या इथं लग्न आहे, संध्याकाळपर्यंत सगळं हलवा. कूलर मुंबईला न्यायची काही सोय नव्हती. मुक्तानं मन घट्ट करून भंगारवाल्याला बोलावलं. त्याला घेऊन आम्ही आत शिरलो, तर दिगंबरराव फरशीवर मांडी घालून बसलेले. चार कूलरवर नंबर पडले होते.

भंगारवाला दारातच थबकला. "सरकारी माल हाय का? मले लफडं नाही पायजे," म्हणाला आणि गेला.

"बाबा, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"नंबर पडला. आता फेकता येत नाही."

"मग बसवा तुमची समिती."

"समिती मीच हाय. सही देत नाही."

मग ब्रश पुसत, खाली पाहत म्हणाले, "तू परवा जाशीन. घरी मी एकटाच. हे राहू दे अंगणात, साड्यांसकट. ही तुह्या बारशाची. ती हिरवी पोयाच्या सणाची. इथं उभं राहून त्या दिवशी साड्यांकडे पाहवलं नाही मले."

मुक्ता त्यांच्या शेजारी खाली बसली आणि पाचव्या कूलरसाठी तिनं पेंटचा डबा धरला.