निरूसाठी पाच नारळ

सरोजिनीबाई विजयकरांनी देवीला पाच नारळांचं तोरण कबूल केलं, तेव्हा त्यांचं मन अगदी शुद्ध होतं. हातात कापसाची अर्धी वळलेली वात होती, डोळ्यांत पाणी होतं आणि ज्याच्यासाठी नवस बोलला जात होता तो समोर टीव्हीवर बर्फाच्या दरीत कोसळत होता. अडचण एवढीच, की तो माणूस नव्हता. बकरीएवढा, मांजराच्या तोंडाचा, दोन पंखांचा तो एक प्राणी होता. नाव निरू. आणि तो कोणीतरी कॉम्प्युटरवर काढलेला होता.

ह्याला कारण क्षितिजा. नातीची नोकरी लोअर परळला, म्हणून ती ठाकूरद्वारच्या वाडीत आजी-आजोबांकडे राहायची. आषाढात एका संध्याकाळी ती म्हणाली, "आजी, एकच भाग बघ. ह्यात सासू नाही, सून नाही, कोणी कोणाच्या दुधात काही घालत नाही."

"कार्टून ना गं ते? पोरांचं."

"बघ तर. नाही आवडलं तर बंद कर."

बाईंचा चातुर्मासाचा नेम होता लाख वातींचा. वाती वळायला हात लागतात, डोळे रिकामेच असतात. म्हणून त्या बसल्या. गोष्ट साधी होती. डोंगरापलीकडच्या शेवटच्या गावातला दिवा विझलेला असतो आणि सेया नावाची एक मुलगी तो लावायला निघालेली असते. सोबतीला हा निरू. एका दिव्यासाठी पोर एवढ्या लांब निघाली, हे बाईंना फार पटलं. तिसऱ्या भागापर्यंत त्या "अगं, पूल ओला आहे, जपून" असं सेयाला सांगू लागल्या, आणि जिथं जिथं संकट येई तिथल्या वाती सुंभासारख्या जाड होऊ लागल्या.

पण खरं सांगायचं तर निरूहूनही त्यांना भुरळ पडली ती वाटेची. सरोजिनीबाईंचा प्रवास काही कमी नव्हता. गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर, कोल्हापूर. दर वर्षी तोच ड्रायव्हर, तोच भक्तनिवास, शक्यतो तीच खोली. दर्शनानं मन भरून यायचंच. पण परत येताना हमरस्त्याला फुटलेला एखादा लहानसा रस्ता टेकडीमागे वळलेला दिसला, की त्या खिडकीतून मान वळवून बघत राहायच्या.

"अहो, हा रस्ता कुठं जातो हो?"

"आपल्याला तिकडे जायचं नाहीये," कमलाकांत म्हणायचे.

विमा कंपनीत जन्म काढलेल्या कमलाकांतांचा प्रवासाचा एकच नियम होता. कुठलंही गाव सुचवा, ते चष्मा कपाळावर ढकलून विचारणार, "तिथं आपलं कोण आहे?" ओळखीचं घर नाही, गुरुजी नाहीत, निदान कोणाचा मेव्हणा तहसील कचेरीत नाही, अशा जागी त्यांनी पाऊल ठेवलेलं नव्हतं. सरोजिनीबाईंना मात्र हल्ली नेमकी तशीच जागा हवी होती. जिथं कोणी ओळखत नाही, जिथं रांग नाही, टूरवाल्याचा झेंडा नाही. क्षितिजानं एकदा फोनवर फोटो दाखवले. हिरवी दरी, मधून नदी, तिच्यावर लाकडी झुलता पूल.

"हे निरूचं गाव?"

"नाही गं, हे खरं आहे. मेचुका. अरुणाचलात. ऑक्टोबरात मी आणि माझी मैत्रीण चाललोय. येतेस?"

बाईंनी धीर करून विषय काढला. कमलाकांत शब्दकोडं सोडवत होते. हल्ली त्यांची कोडी अर्धीच राहत. बाई म्हणत, डोळे तपासून घ्या.

"अरुणाचल? तिथं आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

विषय मिटला. बाईंनी देवापुढे नेहमीपेक्षा एक वात जास्त लावली आणि मन रमवायला पुढचा भाग लावला. नेमका त्याच भागात निरू दरीत कोसळला आणि पडदा काळा झाला.

"पुढे?" बाईंनी विचारलं.

"पुढचा भाग शुक्रवारी," क्षितिजा म्हणाली.

असं कोणी माणसाला लटकवून ठेवतं? बाईंनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "आई, त्याला सुखरूप आण. तुला पाच नारळांचं तोरण बांधीन."

शुक्रवारी कमलाकांतसुद्धा चौपाटीवरची फेरी अर्धी टाकून लवकर आले. म्हणाले, गुडघा दुखतोय. पेपर उघडून कोपऱ्यात बसले. निरू जगला. एका म्हातारीनं त्याला बर्फातून ओढून काढलं होतं, पाला वाटून लावला होता. पंख मात्र जायबंदी झालेला. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि शनिवारी सकाळी जाग आल्याबरोबर त्यांना आठवलं, की आता तोरण बांधायचं आहे.

"आजी, तो खोटा आहे," क्षितिजा हसून हसून आडवी झाली. "देवी काही मनावर घेणार नाही."

"तो खोटा असेल. मी बोलले ते खरं होतं ना?"

वाडीत नवसाची मापं ठरलेली होती. एक नारळ म्हणजे परीक्षा. खणानारळाची ओटी म्हणजे लेकीचं बाळंतपण. पाच नारळांचं तोरण म्हणजे हॉस्पिटल, तेही आयसीयू. त्यामुळे चिराबाजारातून नारळांची पिशवी घेऊन बाई जिन्याशी आल्या, तशी वरच्या मजल्यावरच्या मेघनाची नजर पिशवीवर गेली आणि तिचा चेहराच पडला.

"काकू, तोरण? कोणाचं काय झालं?"

इथं सांगायला हवं, की ह्या चातुर्मासात बाईंचा आणखी एक नेम होता. खोटं बोलायचं नाही. धरताना हा नेम सर्वांत सोपा वाटला होता.

"निरूसाठी," बाई म्हणाल्या.

"कोण निरू?"

"सेयाबरोबर असतो तो."

"आईवडील?"

"नाहीत गं. सुरुवातीपासूनच नाहीत."

"अरे देवा. झालं काय पण?"

"दरीत पडला. थोडक्यात वाचला."

"कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

"तिथं कुठलं आलंय हॉस्पिटल. एक म्हातारी पाला लावते आहे."

मेघनानं तोंडावर हात ठेवला. "पाला? आजच्या काळात?"

"गुण आला पण. डावी बाजू मात्र अजून उचलत नाही."

ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पुढचं सांगायला बाईंनी तोंड उघडलं, तोवर मेघना डोळे पुसत वरच्या मजल्यावर पोहोचली होती.

देवळात गुरुजींनी पळीत पाणी घेतलं. "कोणाच्या नावानं?"

"निरू."

"निरंजन असेल. गोत्र?"

"ठाऊक नाही."

"मग काश्यप. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. नक्षत्र?"

"ते कोणालाच ठाऊक नसावं."

"हरकत नाही, देवीला ठाऊक आहे," असं म्हणून गुरुजींनी काश्यपगोत्रोत्पन्न निरंजनाला दीर्घायुष्य, आरोग्य आणि शीघ्र विवाहाचा आशीर्वाद देऊन टाकला. बाईंना गहिवरून आलं. सेया किती खूश झाली असती.

दुपारी कमलाकांत जेवायला बसले. चातुर्मास म्हणून घरात मासळी बंद होती, त्यामुळे दुधीकडे बघून त्यांनी आधी एक उसासा टाकला.

"वाडीत निरूची चौकशी चालली आहे," ते म्हणाले. "चौघांनी विचारलं. मी म्हटलं, धोका टळलाय."

बाईंचा घास हातातच राहिला. नवऱ्याला एखादी गोष्ट माहीत नसली तरी माहीत नाही असं तो चारचौघांत कधीच म्हणायचा नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. पण आता त्याला सांगायचं कसं? जेवताना मौन, हाही त्यांचा नेम होता. त्यांनी डाव्या हातानं टीव्हीकडे बोट दाखवलं, मग हवेत पंख हलवले.

"पंखा लावू?" कमलाकांत म्हणाले आणि उठून लावला. बाई भराभर जेवल्या, आचवून आल्या, तोवर साहेब घोरत होते.

पाच वाजता कडी वाजली. दारात मेघना, तिची शेजारीण रुपाली आणि वाडीतले सर्वांत जुने भाडेकरू नाना. मेघनाच्या हातात मोसंबी, रुपालीकडे शक्तीच्या पावडरीचा डबा. नाना हात हलवतच आले होते, पण बोलायचं घेऊन आले होते.

"कमळाकांता," खुर्चीत बसता बसता नाना म्हणाले, "पोर थंय एकटा पडलाहा आणि तू हंय कोडी सोडवतंस? बघूक कोण गेला की नाय?"

"नाही अजून," कमलाकांत म्हणाले.

"आईबापाविना पोर. लोकां काय म्हणतीत?"

"काका, रागावू नका," रुपाली म्हणाली, "पण मोसंबी पाठवून भागत नाही हो. माणूस दिसायला लागतं."

"ते बरोबर आहे," कमलाकांत म्हणाले. "पण प्रवास लांबचा."

"खंय असता तो?"

ह्याच वेळी क्षितिजा ऑफिसातून आली. तिनं मोसंबी बघितली, डबा बघितला, आजीचा पांढरा पडलेला चेहरा बघितला आणि तिला सगळं कळलं. तिचा कुठलाही नेम नव्हता.

"मेचुकाला, नाना," ती म्हणाली. "अरुणाचल. दिब्रुगडपर्यंत विमान, पुढे दोन दिवस गाडी."

"मगे? आपला माणूस आसा थंय. भीती कसली?"

आता मात्र बाईंच्याने राहवेना. एका दिव्यासाठी निघालेल्या पोरीची गोष्ट बघायची आणि आपण मात्र सगळ्या वाडीला अंधारात ठेवायचं? मेचुका जिवापाड हवं होतं, पण असं नको. त्या उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर घेतला.

"नाना, ऐका माझं. निरू खरा नाही. तो टीव्हीतला आहे. बकरीएवढा आहे. त्याला पंख आहेत."

मेघनानं रुपालीकडे बघितलं, रुपालीनं नानांकडे. मग रुपाली हळूच उठली, बाईंना धरून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"काकूंनी फारच मनाला लावून घेतलंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "माझ्या मावशीचं असंच झालं होतं. तिला भिंतीवर हत्ती दिसायचे."

"अगं, मला काही दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण टीव्हीवर दिसतं."

"हो काकू. टीव्हीवरच. तुम्ही शांत व्हा."

"हवापालट हवी त्यांना," मेघना म्हणाली.

नानांनी काठी आपटली. "कमळाकांता, हिका घेवन जा थंय. डोळ्यांनी त्या पोराक बघीत तेव्हाच हिचा मन ठिकाणार येतला. तिकिटां कधी काढतंस ता सांग, तवसर मी हंयसून उठणंय नाय."

कमलाकांतांनी चष्मा कपाळावर ढकलला. नेहमीचा प्रश्न आता येणार म्हणून बाईंनी मान खाली घातली. पण ते क्षितिजाला म्हणाले, "बघ गं, तुझ्या त्या फोनवर. दोन तिकिटं. त्यातलं एक खिडकीचं."

मंडळी समाधानानं गेली. जाताना रुपालीनं शक्तीची पावडर बाईंसाठीच ठेवली. क्षितिजा आत जाऊन तिकिटं काढू लागली. बाई खुर्चीतच बसून होत्या.

"अहो, मी तुम्हाला फसवलं असं होईल. मी सगळं खरं सांगितलं, पण कोणी मानलं नाही. तिथं आपलं कोणी नाही. निरू खरोखरच—"

"सगळं खरं नाही सांगितलंस," कमलाकांत शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाले.

नेम मोडला होता की काय? "काय खोटं बोलले मी?"

"डावी बाजू म्हणालीस मेघनाला. सगळ्या वाडीत डावीच झाली आता. निरूचा उजवा पंख गेला. तो आपल्याकडे तोंड करून उडत होता, म्हणून तुला डावा दिसला."

पेपराच्या त्या बाजूला एवढे दिवस काय चाललं होतं, हे बाईंच्या हळूहळू ध्यानात आलं. अर्धी राहिलेली कोडी, शुक्रवारचा गुडघा.

"मग तेव्हाच हो का नाही म्हणालात? मी विचारलं तेव्हा."

"तेव्हा तिथं आपलं कोणी नव्हतं," कमलाकांत म्हणाले. पेन्सिल कानावर अडकवून ते जरा घुटमळले. "आणि हे बघ, निघताना पाच नारळ घेऊन ठेव. तिकडे मिळायचे नाहीत. ती म्हातारी मला काही बरी वाटत नाही, आणि आपण तिथं असतानाही एक शुक्रवार येतोच."