पदक अजून पास झालेलं नाही

माणसं वस्तू विकत घेतात ती वापरायला. टिपणीसकाका घेतात ते परत करायला.

टोस्टर, छत्र्या, बागेतली खुर्ची, वाचायचा चष्मा, आणि एकदा तर ख्रिसमसचं झाड. सण उरकल्यावर नव्हे, सणाच्या आधी. "एका अंगाला कलतंय," म्हणाले. काउंटरवरचा मुलगा बिचारा म्हणाला, "सर, झाड आहे ते." काका म्हणाले, "ते मला दिसतंय. पण लेबलवर 'सिमेट्रिकल' असं तुम्हीच छापलंय." झाड परत गेलं.

रिटायर होईपर्यंत काका लंडनजवळ, वॉटफर्डच्या बाजूला एका हॉस्पिटलच्या स्टोअर्समध्ये होते. हातमोजे, सुया, नळ्या, माणसाच्या कंबरेत बसवायचे सांधे, जे काही ट्रकमधून उतरेल ते काकांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय आत जात नसे. आमच्या मराठी मंडळात चार माणसं जमली की त्यातले तीन डॉक्टर निघतात. त्यांच्यात बसून काका खुशाल सांगत, "मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांच्या हातात काय द्यायचं, ते मी ठरवायचो." जे नापसंत त्याला त्यांचा शब्द एकच होता, "पास होत नाही." हा शब्द ते हातमोज्यांना लावत, मंडळाच्या नाटकाला लावत, आणि कुणाच्या होणाऱ्या जावयालाही लावत.

एका गणपतीत माझ्या बायकोने, मीनलने, उकडीचे मोदक केले होते. काकांनी खिशातून जाडी मोजायचा कॅलिपर काढला. पोलादी, हॉस्पिटलातून रिटायर होताना आणलेला. मोदकाची पारी दोन्ही अंगांनी मोजली. "चव पास. बांधणी पास होत नाही. पण एवढ्याशा सॅम्पलवर निष्कर्ष काढणं बरं नाही," असं म्हणून त्यांनी आणखी चार घेतले.

त्यांच्या स्वतःच्या कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. ट्रॉलीवर आडवे असताना त्यांनी सांध्याचा खोका मागवला आणि लेबल वाचून घेतलं. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता दहापासून उलटे आकडे म्हणा." काकांनी बॅच नंबर उलटा म्हणायला सुरुवात केली आणि पुरा करूनच झोपले.

इथवर लिहिणं सोपं होतं. काकांबद्दल पुढे लिहायचं तर माझ्या आईबद्दल लिहावं लागेल, आणि ते मी आजवर टाळत आलोय. मी मुळात कमी बोलणारा. सोयीचं असतं ते. लोक समजतात, मनात खूप काही साठलं असेल. बहुतेक वेळा मनात एवढंच असतं, की आता कुणी आईबद्दल विचारू नये.

आई केअर होममध्ये आहे. माझ्या घरापासून गाडीने जेमतेम दहा मिनिटं. पहिलं वर्षभर मी मंडळात कुणाला सांगितलंच नाही. "आई कशी आहे?" "मजेत." संपलं. मी महिन्यातून एकदा जायचो. गेलो की काहीतरी दुरुस्त करायचो. टीव्हीचं सेटिंग, खिडकीची कडी, घड्याळाची वेळ. दुरुस्त करायचं संपलं की मला उठावंसं वाटायचं.

असंच एकदा रिमोटच्या बॅटऱ्या बदलत होतो. आई म्हणाली, "विनू, अण्णांचं पदक मिळेल का रे इथे?"

अण्णा म्हणजे तिचे वडील. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या डोंगरांत सरकारची खेचरं हाकत होते. त्याबद्दल त्यांना एक तांबूस रंगाचा, सहा टोकांचा तारा मिळायचा होता. युद्ध संपलं, अण्णा साताऱ्याकडे गावी आले, देश स्वतंत्र झाला, साहेब बोटीत बसून आपल्या घरी गेला, तरी ताऱ्याचा पत्ता नाही. आई परकर-पोलक्यातून साडीत जायच्या बेताला आली तेव्हा कुठे एके दिवशी पोस्टमन एक डबी घेऊन दारात उभा राहिला. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला, तारा छातीवर लावला, आणि लावताक्षणी त्याची कडी निखळली. तारा अंगणात पडला. कोंबडीने येऊन चोच मारून पाहिली, तिलाही पसंत पडला नाही. सूर्य मावळत नाही असं राज्य चालवलं म्हणे, पण त्यांना एक कडी धड लावता आली नव्हती.

अण्णांनी तारा दुरुस्तीला परत पाठवला. तो पुन्हा आलाच नाही. काही वर्षांनी अण्णा गेले.

आता खरं सांगतो. आईने हे मागितलं तेव्हा मला हायसं वाटलं. तिने मागितलेली गोष्ट विकत मिळण्यासारखी होती.

अगदी तशी सरळ मिळाली नाही. इथल्या लष्करी खात्याने दिल्लीकडे बोट दाखवलं, दिल्लीने इकडे. शेवटी कळलं, की बर्मिंगहॅमला एक लहानसं वर्कशॉप आहे, जुन्या नमुन्यावरून हुबेहूब पदक करून देणारं. खरेदी म्हटल्यावर मला एकच माणूस आठवला. मी ते काम टिपणीसकाकांच्या गळ्यात घातलं आणि मोकळा झालो.

वसंतात पहिला तारा आला. काका तो आईला दाखवायला घेऊन गेले. संध्याकाळी त्यांचा फोन.

"पास होत नाही. कडी बारीक आहे."

उन्हाळ्यात दुसरा आला. "टोकं बोथट आहेत. परत पाठवलाय."

पानगळीच्या सुमाराला तिसरा. "फितीतला हिरवा पट्टा मेंदीसारखा दिसतो. इटलीचा हिरवा असा नसतो."

"काका, तुम्ही इटली पाहिलंय?"

"पिझ्झाच्या दुकानावर झेंडा असतो ना."

मी हसलो. मीनलला सांगितलं, तीही हसली. मग थंडीत आईच्या छातीत कफ झाला. हॉस्पिटलात न्यावं लागलं. परत आली ती अर्धी होऊन. हात इतके हलके झाले होते, की मी धरलेला हात सोडायला घाबरलो, आणि सोडलाही लगेच. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की कडी, टोकं आणि हिरवा पट्टा यांच्या भानगडीत ते पदक आईच्या हातात पडायचंच नाही. बापाला परत मिळालं नाही तसं लेकीलाही नाही.

मी काकांना फोन केला. आवाज चढला माझा.

"काका, आता पुरे. कडी बारीक तर बारीक. एकदा तिच्या हातात पडू दे."

"अरे, अण्णांच्या ताऱ्याची एकदा कडी तुटलीये. पुन्हा तसलंच द्यायचं?"

"तिचं वय काय झालंय, माहितेय ना?"

"माहितेय की. वाढदिवसाला मी होतो तिथे."

मी नव्हतो. मी मँचेस्टरला क्लायंटकडे होतो आणि तिथून फुलं ऑर्डर केली होती. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि स्वतः बर्मिंगहॅमला गेलो. वर्कशॉप म्हणजे एक जिना, एक खोली आणि मॉरीन नावाची बाई. बोटं पॉलिशने काळी, चष्मा डोक्यावर. टिपणीस हे नाव तिला इतकं सुरेख उच्चारता येत होतं, की काका तिच्याशी वारंवार बोलत असणार, अशी मला शंका आलीच.

"पहिला तारा उत्तम होता, लव्ह," ती इथल्या सवयीने म्हणाली. "दुसरा त्याहून बरा. मी तुमच्या अंकलना सरळ विचारलं, नक्की चुकलंय काय? ते म्हणाले, मला तर काही चूक दिसत नाही, पण कस्टमर इज नॉट सॅटिस्फाइड."

"कस्टमर मी आहे."

"तुम्ही?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, कस्टमर म्हणजे कुणी बाई आहेत."

तिने नवा तारा डबीत घालून दिला. मी तो भिंगाखाली धरून पाहिला. कडी जाड, टोकं तीक्ष्ण, हिरवा इटलीचा. एम-फॉर्टी हायवेवरून परत येताना मनातल्या मनात काकांना जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. म्हाताऱ्याला परत करायची खोड आहे, ठीक आहे. पण माझ्या आईच्या जिवावर?

गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून केअर होमला गेलो. दारातच जॉयस भेटली. ती आईचं सगळं करते, मूळची घानाची. मला बघून म्हणाली, "आज तुम्ही? आज तर अंकलचा दिवस. दर गुरुवारी इतका आवाज करतात दोघं, की मला दार लावून घ्यावं लागतं."

लावलेल्या दाराशी मी उभा राहिलो. आतून आईचा आवाज येत होता. गेल्या कित्येक वर्षांत मी तो इतका खणखणीत ऐकला नव्हता.

"मेल्यांना एक कडी झाळता येत नव्हती आणि राज्य करायला निघाले होते!"

"ताई, मी सांगतो, सगळ्यात स्वस्त टेंडर घेतलं असणार."

"टेंडर कसलं, चोर होते मेले!"

आणि मग हसणं. दोघांचं.

काका चहा आणायला बाहेर आले, तेव्हा मी त्यांना कॉरिडॉरमध्येच गाठलं. डबी दाखवली. "मी मॉरीनकडे जाऊन आलो. काका, पहिलाच तारा चांगला होता."

काकांनी डबीकडे पाहिलं नाही. हातातले रिकामे कप एकात एक घातले, पुन्हा काढले.

"विनय, तू मला हसतोस ना, मी सगळं परत करतो म्हणून? दुकानात काही घ्यायला गेलं तर आता कोणी बोलत नाही रे. मशीनसमोर उभं राहायचं, बीप, बीप, निघायचं. परत करायला गेलं की मात्र माणूस येतो. विचारतो, काय झालं? उभा राहून ऐकून घेतो. मंगल गेल्यापासून..." त्यांच्या बायकोचं, मंगलकाकूंचं, नाव त्यांच्या तोंडून मी फार दिवसांनी ऐकत होतो. "पण पदकाचं तसं नाही हां. ते मी पहिल्याच खेपेला पास केलं होतं. ताई नाही म्हणाल्या."

"आई?"

"तू विचार. मी चहा आणतो. इथला चहा मात्र खरंच पास होत नाही."

मी आत गेलो. आईने माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं, वर्गात मास्तर आल्यावर मुली आवरतात तसं. मला ते लागलं. मी डबी उघडून तारा तिच्या मांडीवर ठेवला.

तिने तो उचलला. अंगठा एकेका टोकावरून फिरवला. कडीला हळूच हिसका दिला, मग जरा जोरात. कडी हलली नाही. बराच वेळ तिने तो तळहातावर धरून ठेवला. तोवर काका चहा घेऊन येऊन बसले होते.

"हं," आई म्हणाली. "नाही पास होत."

"आई, काय बिघडलंय त्यात?"

तिला हा प्रश्न माझ्याकडून अपेक्षित नसावा. ती खिडकीकडे बघत बोलायला लागली.

"अण्णा तिकडून आले ते मुके होऊनच आले होते. वाढ, पाणी दे, दार लाव, एवढंच बोलायचे. पदक आलं त्या दिवशीही काही बोलले नाहीत. ते परत पाठवलं आणि मग रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायला लागले. मी शेजारी बसायची. वाट बघता बघता बोलायचे. इटलीच्या बर्फाचं सांगायचे, खेचरांची नावं सांगायचे. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा, काही नाही म्हणून. अण्णांचा चेहरा पडायचा, आणि मला आनंद व्हायचा रे. आलं असतं तर ते उठून आत गेले असते."

मग काकांनी खिशातून भिंग काढलं, तारा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. त्यात खोट नव्हती. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, अगदी मनापासून.

"ताई म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "या डाव्या टोकाला किंचित काहीतरी आहे. परत पाठवावं लागेल."

"पाठवा," आई म्हणाली. "पण घाई करू नका."

कोपऱ्यात एक खुर्ची होती. तिच्यावर आईच्या शाली ठेवलेल्या असायच्या. मी शाली उचलून पलंगावर ठेवल्या आणि खुर्ची ओढून घेतली.

"आई, नावं काय होती खेचरांची?"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझी पार्किंगची वेळ संपेल."

"संपू दे."

मी कोट काढला.

"एक राणी होती," आई म्हणाली. "चावायची."