आखाजीला अडलेला कॉम्प्युटर

कॉलेजातला एकुलता एक लिनक्स कॉम्प्युटर सुरू करण्याआधी नाना रोज त्याच्यावर बोटाने टकटक करत आणि लेकीला उठवावं तसं म्हणत, "ऊठ वं माय, उजाडनं."

नव्वदीच्या अखेरीस आमच्या अमळनेरच्या कॉलेजात नाना कॉम्प्युटरची खोली सांभाळत. मी हेडक्लार्क होतो. एका अपग्रेडनंतरचा बिघाड काढायला नानांना अख्खा दिवस लागला, अशी गोष्ट गावात अजून सांगतात. ती खोटी आहे.

अपग्रेड झालं आखाजीच्या, म्हणजे आमच्याकडे लेकी माहेरी येतात त्या अक्षय तृतीयेच्या सकाळी. "नवं काम आखाजीलेच करो," असं नानांचं म्हणणं. निकालाच्या कामामुळे सुट्टीतही आम्ही हजर होतो. प्राचार्यांनी नारळ फोडला. मशीन पुन्हा चालू केलं, तर काळ्या पडद्यावर एल आणि आय ही दोनच अक्षरं उमटली. पुढे ठार शांतता.

लगेच विद्वान सरसावले. संस्कृतच्या सरांना खोलीचं दार दक्षिणेला असल्याचा शोध लागला. फिजिक्सवाल्यांनी व्होल्टेजला दोष देऊन घर गाठलं. शिपायाने उष्म्यावर उपाय म्हणून मॉनिटरवर ओलं गोणपाट टाकलं. प्राचार्य म्हणाले, "उद्या सकाळी सुरू दिसलं नाही, तर मशीन परत. खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवू."

नानांनी गोणपाट काढलं. "दारम्हा ईसन थांबेल शे ती. धीर धरा."

धीर कोण धरतो? सगळे खापरावरच्या पुरणपोळ्यांकडे धावले.

दुपार कलल्यावर किल्ल्या घ्यायला मी परतलो, तर नाना बंद मशीनसमोर बसलेले.

"नाना, खोली जाईल हो!"

त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली, तिच्यावरून मशीन सुरू केलं आणि एक छोटीशी आज्ञा टाइप केली. मग फ्लॉपी काढून बटण दाबलं. मशीन सरळ सुरू झालं.

"नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकलं, पण सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रामला त्याचा पत्ता द्यायचा राहिला. एवढंच."

"केव्हा कळलं?"

"नारळ फुटना तव्हयच."

"मग दिवसभर?"

नाना रुमालाने पडदा पुसत राहिले. "घर जाईसन काय करू, भाऊ? गल्लीम्हा बठ्ठास्न्या पोरी येल शेतस. झोका चालू शेतस. आमनी पोरले सासरवाळास्नी यंदाबी धाडं नही." मग हळूच म्हणाले, "कोनले सांगू नका. नानाले अक्कल नही म्हनतीन, ते चालई."

दुसऱ्या दिवशी, नानांना अख्खा दिवस लागला म्हणून सगळे हसले. मीही हसलो.

आखाजीच्या त्या दुपारी माझ्या दोन्ही लेकी अंगणात झोक्यावर होत्या. "चला नाना, घरी," एवढं म्हणायचं माझ्याकडून राहिलं.