थूल गुरुजींचा पाच ते सहाचा तास

आमच्या पवनारचे थूल गुरुजी वर्ग सुरू करण्यापूर्वी मोबाइल डस्टरने पुसतात. एकदा वरून खाली, एकदा डावीकडून उजवीकडे. पुसताना मान किंचित वळवून ते श्वास रोखतात, कारण खडूची भुकटी नाकात जाते. मोबाइलवर खडू नसतो, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. "सवय हाय, मास्तर," एवढेच म्हणून त्यांनी हात झटकले.

गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर मराठी शिकवले. मीही शिक्षक, आणि त्यांचा शेजारी. पत्नी वारल्यानंतर गुरुजींचे दिवसचे दिवस कोणाशी न बोलता जाऊ लागले, म्हणून हा ऑनलाइन वर्ग मीच त्यांना सुचवला. विद्यार्थी म्हणजे परप्रांतातून वर्धा जिल्ह्यात नोकरीला आलेली माणसे. नोकरी पक्की व्हायची तर त्यांना मराठीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वेळ रोज सायंकाळी पाच ते सहा.

येथे यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पडद्यावर प्रत्येक विद्यार्थ्याची एक चौकट असते, आणि जो बोलतो त्याची चौकट आपोआप पुढे येते. ही सोय आहे. गुरुजी तिला बेशिस्त समजत. कोण कोठे बसेल याचा तक्ता त्यांनी पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यावर आखून भिंतीला लावला होता.

"साहू, तुमची जागा खाली डावीकडं. वर काऊन गेले?"

साहू हे हिंगणीकडे जंगलखात्यात नेमलेले ओडिशाचे अधिकारी. आपण जागचे हललो नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. हे सांगताना ते बोलले, त्यामुळे आणखी वर गेले. गुरुजींनी संपूर्ण वर्गाला 'मी माझी जागा सोडणार नाही' हे वाक्य दहा वेळा लिहायला लावले. विद्यार्थ्यांपैकी एका बँकेच्या व्यवस्थापकांनी आपल्या पानाचे छायाचित्र पाठवले. गुरुजींनी ते बारकाईने तपासले आणि लाल पेनाने मोबाइलच्या काचेवर बरोबरची खूण केली. ती डस्टरने निघेना. पुढचा आठवडाभर व्यवस्थापक साहेब कपाळाला टिळा लावून तासाला बसल्यासारखे दिसत होते.

उत्तर उभे राहूनच द्यायचे, हाही नियम. माणूस उभा राहिला की चौकटीत केवळ कमरेचा पट्टा उरतो. गुरुजी त्या पट्ट्याशी आदराने बोलत. एकदा जंगलात नेटवर्क गेले आणि साहू तोंड उघडे ठेवून स्तब्ध झाले. गुरुजींनी इतरांना हाताने गप्प केले. "विचार करून राह्यले. घाई नका करू." वर्ग चार मिनिटे शांत बसला. पाचव्या मिनिटाला, ज्याने इतका विचार केला त्याचे उत्तर चुकले तरी चालेल, असे म्हणून गुरुजींनी त्यांना बसायला सांगितले.

अशा शिस्तीचा व्हायचा तो परिणाम झाला. सगळे एकामागून एक उत्तीर्ण झाले. प्रत्येक निकालाला गुरुजी गल्लीत पेढे वाटत आणि तक्त्यातले एक नाव खोडत. शेवटी तक्त्यात लिसी तेवढी राहिली. ती केरळची, वर्ध्याच्या एका दवाखान्यात परिचारिका. शनिवारी परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत होती, आणि अर्ज भरू का, असे ती रोज विचारत होती.

गुरुजींना रोज तिच्यात नवा कच्चेपणा सापडे. सोमवारी निबंध, मंगळवारी पत्रलेखन, बुधवारी अक्षराचे वळण. ती पुढच्या खेपेला बसली, तर वर्ग आणखी सहा महिने चालणार होता. हे मला कळत होते, आणि मला कळते हे गुरुजींनाही कळत होते. शुक्रवारी त्यांनी तोंडी चाचणी ठेवली. बाहेरचा परीक्षक हवा, म्हणून मला बोलावले. दारातच दंड धरून हळूच म्हणाले, "मास्तर, एकदोन प्रश्न जरा कठीण विचारजो."

मी विचारले. वॉर्डातली एक आजी गोळी घेत नाही, मला काही झालेले नाही असे म्हणते. तिची समजूत घाला.

लिसी उभी राहिली. पडद्यावर तिच्या ॲप्रनचा खिसा बोलू लागला.

"आजी, तुमाले काई झालं नाई, मान्य हाय मले. पण गोळी घेतल्याबिगर डॉक्टर घरी जाऊ देत नाई. घरी सारे वाट पाहून राह्यले ना? मंग घ्या बरं."

आपण बोलीत बोललो, हे तिच्या ध्यानात आले असावे. खाली वाकून तिने घाबरा चेहरा दाखवला. "सर, चुकले. वॉर्डात असेच बोलते मी."

परीक्षेला पुस्तकी मराठीच लागते. गुरुजींना हवे होते ते कारण हातात आले होते, तेही नियमात बसणारे. त्यांनी लाल पेनाचे टोपण काढले. काही न लिहिता ते परत लावले.

"मग आजीनं गोळी घेतली?"

"घेतली, सर."

"तर फॉर्म भरजो, बाई. आजच भरजो. पेपरात तेवढं पुस्तकातलं लिहिजो."

तिने हात जोडले, दोनदा धन्यवाद म्हटले आणि तिची चौकट नाहीशी झाली. तिच्या जागी गुरुजींचाच चेहरा पडदाभर आला. पाच वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. वर्ग बंद करावा म्हणून मी हात पुढे केला.

"राहू दे, मास्तर," ते म्हणाले. "तास सहापर्यंत हाय."

मी हात मागे घेतला आणि खुर्ची त्यांच्या जवळ सरकवली. चौकटीत माझाही अर्धा चेहरा आला.