लालला लाल जोडलं, तरी!

वस्तू पारखून घ्यावी तर मीच! पिंपरीच्या बाजारात कोणालाही विचारा. मी समोर दिसलो की भाजीवाली किडकी वांगी आपणहून बाजूला काढते. म्हणूनच एकोणऐंशीच्या त्या मे महिन्यात जे झालं, त्याचं खापर माझ्या पारखीवर फोडणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो!

माझा फोटो स्टुडिओ. फिल्म धुवायचं औषध गार लागतं, आणि मेमध्ये आमच्या नळाला पाणी येतं ते थेट चहात टाकावं असं. बर्फवाला अजीज लग्नसराईत एकेका लादीसाठी माझ्याकडून इतके नमस्कार घ्यायचा, की शेवटी मी ठरवलं, बर्फ बंद! विजेवर गारवा करायचा!

एका कंपनीच्या प्रयोगशाळेतले यशवंतराव माझे गिऱ्हाईक. त्यांनी दोन थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल आणून दिली. बिस्किटाएवढ्या पांढऱ्या चकत्या, प्रत्येकीला एक लाल तार, एक काळी. वीज सोडली की एक बाजू गार होते, दुसरी गरम; गरम बाजूची ऊब बाहेर टाकायला खाली पत्रे.

"नानासाहेब, लाल तार प्लसला," त्यांनी बजावलं. "उलटं जोडलंत तर गार बाजूच तापेल. आणि वीजपुरवठा जपून निवडा. बारा व्होल्ट, डीसी, दहा अँपिअर तरी झेपले पाहिजेत."

"निवडायचं काम ना? मग झालंच म्हणून समजा!"

आधी रेडिओ सेलऐवजी विजेवर चालवायचा एलिमिनेटर लावला. त्याने एक उसासा टाकला, जळका वास सोडला आणि मान टाकली. मग ट्रकची बॅटरी आणली. पाणी असं गार झालं की बोटं बधिर! पण दुपारपर्यंत बॅटरी बसली आणि तिच्या ॲसिडने माझ्या पँटला खिडकी पाडली. प्रयोगशाळेत वापरतात तसला पॉवर सप्लाय पाहायला पुण्याला गेलो, तर किंमत सांगून दुकानदारानेच मला बसायला स्टूल दिलं.

तेव्हा मला शौकत आठवला. कासारवाडीला त्याचं गॅरेज, आणि गॅरेजात बॅटरी चार्ज करायचा दणकट चार्जर. मी तो उलटासुलटा करून पाहिला, ठोकून पाहिला, मीटरचा काटा बघितला. बारा व्होल्ट! पंधरा अँपिअर! एक चिमटा लाल, एक काळा. आणखी काय पारखायचं असतं हो माणसाने?

"घेऊन जा नानासाब," शौकत म्हणाला. "जुन्या विलायती गाड्या यावरच जित्या ठेवल्या मी."

त्याच आठवड्यात चिंचवड गावठाणातल्या मारुतरावांच्या मुलीचं, इंद्रायणीचं, लग्न झालं. फोटो मी काढले. अख्ख्या लग्नाचे तीन रोल. पूर्वी मी एकेक रोल धुवायचो. पण आता घरात विलायती गारवा होता! तिन्ही रोल एकदम औषधाच्या डब्यात भरले, डबा मॉड्यूलवरच्या पाण्यात ठेवला, लालला लाल आणि काळ्याला काळा चिमटा लावला आणि बटण दाबलं.

थोड्या वेळाने आमच्या विमलबाई डोकावल्या. "अहो, पाण्यातून वाफ येतेय."

"थंडीची वाफ आहे ती! बर्फाच्या लादीवरून धूर निघतो, तो कधी पाहिला नाहीस?"

"आणि खालच्या पत्र्यांना बाहेरून घाम सुटलाय."

"गारवा आत मावेना म्हणून बाहेर सांडतोय! तू जा बघू!"

घरच्या माणसांना शास्त्राची गोडी नसते, त्याला माझा काय इलाज? मी डबा उचलला. हाताला चटका बसला. तरी औषध ओतून दिलं आणि घाईघाईने माठातलं गार पाणी आत घातलं. इथेच घात झाला. आधी उकाडा, मग माठाचं पाणी! फिल्मवरचा थर साईसारखा सुरकुतला.

प्रिंट न्यायला मारुतराव आले. त्यांनी एक फोटो माझ्या नाकासमोर धरला.

"फोटूवालं, ही कोन हाय?"

"इंद्रायणी."

"ही माजी पोर न्हाई, माजी आज्जी हाय! आन् ह्यो जावई? ह्येला तर काठी द्याया पायजे! माज्या येकुलत्या येका पोरीचं लगीन व्हतं. आता दावू काय लोकास्नी?"

मी तसाच तणतणत कासारवाडी गाठली. "शौकत, तुझा चार्जर उलटा आहे!"

"उलटा? लाल म्हंजे करंट, काळा म्हंजे बॉडी! वस्ताद शिकवून गेले तसंच लावलंय."

"लाल म्हणजे प्लस!"

"तुमच्याकडं आसंल. विलायती गाडीत बॉडीलाच प्लस आसतो. मंग करंट मायनस. मंग लाल मायनस!"

घ्या! साऱ्या जगात लाल म्हणजे प्लस आणि ह्याच्या गॅरेजात मायनस! आणि ह्यावर हा म्हणतो, "तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही तर ठोकून बघितलं."

मारुतरावांनी फर्मान काढलं, लग्न परत लावायचं, फोटोपुरतं! मांडव पुन्हा उभा राहिला. भटजी म्हणाले, "मंत्र दोनदा म्हणणार नाही, नुसते ओठ हलवीन." नवरदेवाने लग्नासाठी रजा मागितली तेव्हा सुपरवायझरने विचारलं, "एका महिन्यात दुसरं?" माझ्या खर्चाने अक्षता पडल्या, हार पडले. अजीजकडून बर्फ आणला, तोही नमस्कार करून. फोटो आरशासारखे आले!

फक्त पाठवणीचा तेवढा जमेना. "रडा!" मी ओरडलो. इंद्रायणीने तोंडाला पदर लावला आणि ती खुदकन हसली. सासरी पंधरा दिवस राहून आलेली, रात्री परत तिथेच जाणारी पोर रडेल कशाला? तिची आई अंबुबाई हसली, वऱ्हाड हसलं, शेवटी मारुतरावसुद्धा फेटा सावरत हसले.

तो फोटो त्यांच्या ओसरीवर आहे. येणारा जाणारा विचारतो, "आवो, पोरीच्या पाठवनीला कुनीच रडंना व्हय?"

एक जण रडत होता. पण फोटो काढणारा फोटोत येत नाही ना!