अप्पांनी न खोललेली गिटार

आमच्या गल्लीतल्या बसलिंगअप्पांपुढे कुणी जुनी इलेक्ट्रिक गिटार ठेवली, तर ते ती वाजवून बघत नाहीत. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढतात आणि विचारतात, "फेरफार कुठंय?"

अप्पा तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे आणि पुढं तलाठी म्हणून निवृत्त झाले. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र यायला नको होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे. जमिनीचा मालक बदलला की तलाठी फेरफाराची नोंद घेतो, तशी गिटारचा पुर्जा बदलला तरी नोंद हवी, हा त्यांचा हट्ट. हिंगोलीतलेच नव्हे, नांदेड-परभणीचेही ऑर्केस्ट्रावाले आपल्या गिटारचं साल काढायला त्यांच्याकडे येतात आणि तोंड पाडून परत जातात.

"सत्तर सालची म्हणता? आदी खोलू, मंग बोलू."

पाठीमागचे चार स्क्रू काढले की गिटारची मान धडापासून सुटते. मानेच्या बुडाशी कारागिरानं पेन्सिलनं साल टाकलेलं असतं. ते वाचून झालं की बटणांखालचे आकडे, आतल्या वायरींवरचं कापड, सोल्डरच्या डाखाची चमक. मग निकाल. "धड सत्तरचं, मान पंच्याहत्तरची, बटनं परवाच्या दिवशीची. आता तुमीच सांगा, हिचं वय काय लिहू?"

एकदा अप्पांनी एका गिटारची काळी बटणं मूळची ठरवली, तर वसमतच्या एका कीबोर्डवाल्यानं मोबाइल पुढं करून सांगितलं, की या सालात काळी बटणं नव्हतीच, म्हणजे ही नंतर बसवलेली. अप्पा उसळले. "काहून नव्हती? आदल्या सालची बटनं उरली तर कारखानेवाला पूर्णा नदीत फेकून देईल व्हय? तुमच्या घरी रातची भाकर सकाळी खात न्हाईत?" तो बिचारा चहा न घेता गेला.

अशा माणसाकडे मी आमच्या दादाची गिटार घेऊन गेलो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मधुकर. तो आणि अप्पा एकाच ऑर्केस्ट्रात होते. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. ज्या कॉलेजात त्यानं नोकरी केली, तिथं त्याची गिटार काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं होतं. सोबतच्या कार्डावर गिटारचं साल लिहायचं होतं. वहिनी सेनगावला शिक्षिका होत्या. लग्नानंतर हौसेनं त्यांनी ही गिटार हैदराबादहून दादासाठी आणवली होती, जुनी, पण सगळी मूळची, असं दुकानदाराकडून वदवून घेऊन. त्यामुळे कार्डावर साल आणि 'सर्व भाग मूळचे' एवढं लिहावं, ही त्यांची इच्छा.

अप्पांनी गिटार मांडीवर घेतली. खिशाकडे हात गेला नाही. "एक्काहत्तर," ते म्हणाले. "लिहून टाक."

"खोलायची नाही?"

"कशाला? मले म्हाईत हाय ना."

मला संताप आला. उभ्या मराठवाड्याच्या गिटारी उघड्या करणारा हा माणूस, आणि ज्याच्या शेजारी दहा वर्षं वाजवलं त्याच्या गिटारसाठी चार स्क्रू फिरवायचे कष्ट नकोत? मी घरी आलो आणि स्वतःच स्क्रू काढले. मान सुटली. बुडाशी पेन्सिलीत साल होतं, चौऱ्याहत्तर. बटणांखाली मात्र एक्काहत्तर. म्हणजे हैदराबादच्या त्या दुकानदारानं वहिनींना चक्क टोपी घातली होती, आणि अप्पांना ते बघायचीही फुरसत नव्हती.

मान एका हातात, धड दुसऱ्या हातात, असा मी भर गल्लीतून परत त्यांच्याकडे गेलो.

"हे बघा. परकी मान आहे. मी आत्ताच वहिनींना सांगणार. त्यांना फसवलंय."

अप्पांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "आवाज हळू. कुणी फसवलं न्हाई. तुह्या वहिनीनं आणली तवा बराबर होती."

खुंटीवरच्या खोळीतली त्यांची स्वतःची गिटार मी लहानपणापासून बघत होतो. त्यांनी ती खाली घेतली, चेन ओढली. आत नुसतं धड होतं. मान बसते त्या खाचेत पेन्सिलीत तेच साल, चौऱ्याहत्तर.

"हट्टा गावाला लग्नात कार्यक्रम होता. तू औरंगाबादला शिकून राहिला होता तवा. मध्याची गिटार जीपच्या टपावरून पडली अन मान मोडली. आणून महिना झाला नव्हता. मध्या लेकरासारखा रडला. म्हणे, तिला काय तोंड दाखवू? मंग मी माही काढून बसवली."

"आणि तुम्ही?"

"मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या."

त्यानंतर अप्पांनी गिटार वाजवली नाही, हे मला माहीत होतं. नोकरी लागली म्हणून सोडली, असं आम्ही धरून चाललो होतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी अधिकच चिडतो. "अहो, मग दुसरी मान का नाही बसवली? चार स्क्रूंचं तर काम."

"दुसरी बसवली का फेरफार झाला. मंग ती मान मध्याची झाली अन माहा संबंध तुटला. आता कसं, माही गिटार एकच हाय. दोन घरी राहून राहिली."

मान त्यांनीच परत बसवली. मी स्क्रू अदलाबदल करून हरवायच्या बेतात होतो, म्हणून मला शिव्याही दिल्या.

कार्ड अप्पांनी आपल्या तलाठी अक्षरात लिहिलं. 'साल एक्काहत्तर. सर्व भाग मूळचे.' खाली सही केली. उभ्या नोकरीत एकही खोटी नोंद न केलेल्या माणसाची ती सही होती. वहिनींनी कार्ड दोनदा वाचलं आणि पदरानं डोळे पुसले.

कपाटाची काच लावायच्या आधी त्या म्हणाल्या, "अप्पा, एकदा हाती घ्या की. ह्यांना बरं वाटंल."

अप्पांचा हात मानेपर्यंत गेला. तो त्यांनी मागं घेऊन पाठीशी धरला.

"नको वहिनी," ते म्हणाले. "घेतली तर सोडवणार न्हाई."